गादी एक, भाऊ चार : बडोद्यातला पंचवीस वर्षांचा भाऊबंदकीचा खटला

सयाजीगंज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काळ्या घोड्यावरचे तिसरे सयाजीराव उभे राहतात. पण याच नावाचे पहिले महाराज फारसे कुणाला आठवत नाहीत. त्यांच्या नावावर राज्य होतं, पण कारभार कधीच नव्हता. मंडळातल्या मंडळींसमोर मला त्यांच्याच काळाबद्दल सांगायचं आहे.

दमाजीराव गायकवाड १७६८ साली वारले. थोरले पुत्र सयाजीराव, पण ते दुसऱ्या राणीचे, आणि बुद्धीने दुबळे. गोविंदराव वयाने धाकटे, पण थोरल्या राणीचे. मग वारस कोण? वयाने मोठा तो, की आईच्या मानाने मोठा तो? फत्तेसिंगराव आणि मानाजीराव हे आणखी दोन भाऊ होतेच.

धोडपच्या लढाईत राघोबादादांच्या बाजूने लढलेले गोविंदराव तेव्हा पुण्यात पेशव्यांच्या कैदेत होते. माधवराव पेशव्यांनी दंड, नजराणा आणि थकबाकी मिळून ५० लाखांवर रक्कम कबूल करून घेतली आणि गादी त्यांना दिली. पण १७७१ साली फत्तेसिंगराव पुण्याला गेले. रामशास्त्र्यांनी थोरल्या मुलाच्या बाजूने मत दिलं आणि निकाल फिरला : गादी सयाजीरावांची, मुतालकी फत्तेसिंगरावांची. पुढे राघोबादादा पेशवे झाले आणि पुन्हा गोविंदराव! १७७५ च्या सुरुवातीला तर दादा आणि गोविंदराव बडोद्याला वेढा घालून बसले होते, आत फत्तेसिंगराव.

इंग्लंडचा इतिहास वाचताना मला हाच खटला आठवतो. तिथला सहावा हेन्री १४५३ साली भ्रमिष्ट झाला आणि यॉर्कचा ड्यूक रिचर्ड कारभारी बनला. पुढे त्यानेही वंशावळ काढलीच : आपण तिसऱ्या एडवर्डच्या वडील मुलाच्या शाखेतले, जरी मुलीच्या बाजूने, लँकेस्टर घराणं धाकट्या मुलाचं. नेव्हिल आणि पर्सी घराण्यांचं जुनं वैर त्यात मिसळलं आणि १४५५ पासून तीस वर्षं देश पेटत राहिला.

फरक एवढाच, की तिथे निवाडा तलवारीने झाला. इथे वर पुण्याचा दरबार होता, आणि माझ्या मते भांडण लांबलं ते त्यामुळेच. प्रत्येक नव्या निकालाला नवा नजराणा. १७८९ साली फत्तेसिंगराव गेले, तेव्हा मानाजीरावांनी कारभारासाठी ३३ लाखांवर रक्कम मान्य केली. १७९३ साली तेही वारले, तेव्हा कुठे गोविंदराव बडोद्यात आले. त्यांच्याकडून नाना फडणवीसांनी तापीच्या दक्षिणेचा मुलूखही मागितला. सालबाईच्या तहाकडे बोट दाखवून इंग्रजांनी ते अडवलं.

त्या अडवण्यात पुढचं सगळं आलं. गोविंदराव १८०० साली गेल्यावर आनंदरावांच्या काळात कडीचे मल्हारराव उठले. बडोद्याचे कारभारी रावजी आपाजी यांनी या वेळी पुण्याकडे नाही, मुंबईकडे पाहिलं. १८०२ साली इंग्रजी फौज गुजरातेत उतरली. मल्हारराव हरले, पण फौज परत गेली नाही. तैनाती फौज म्हणून राहिली आणि तिच्या खर्चापोटी मुलूख तोडून द्यावा लागला.

भाऊबंदकी कुठल्या घरात नसते? पण पंच जेव्हा फी घेतो, तेव्हा घर भावांच्या हातात राहत नाही. पहिल्या सयाजीरावांच्या गादीची गोष्ट एवढीच आहे.