कॅमेऱ्याचे भिंग व अंकीय प्रतिमा

वस्तूवरील अगदी लगतचे तपशील प्रतिमेत वेगवेगळे दाखविण्याच्या भिंगाच्या क्षमतेस विभेदनक्षमता म्हणतात. भिंगाची गुणवत्ता प्रामुख्याने या क्षमतेवरून ठरविली जाते. तथापि प्रतिमा ग्रहण करणारा पृष्ठभाग कोणता आणि ती प्रतिमा किती मोठी करून पाहिली जाते, यांवरही तो निर्णय पुष्कळसा अवलंबून असतो. अंकीय कॅमेऱ्यांतील पिक्सेलांची म्हणजे चित्रघटकांची संख्या वाढत गेली, तसा जुनी भिंगे त्यांस पुरी पडत नाहीत हा समज रूढ झाला. तो अर्धाच खरा आहे.

या दृष्टीने कोल्हापूरच्या कॅमेऱ्याचे उदाहरण उद्बोधक आहे. आनंदराव पेंटर यांनी आरंभिलेले चलच्चित्रण कॅमेऱ्याचे काम त्यांच्या मृत्यूनंतर (१९१६) बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये पूर्ण केले. त्याच कॅमेऱ्याने महाराष्ट्र फिल्म कंपनीचा सैरंध्री (१९२०) हा मूकपट चित्रित झाला. दंतचक्रे, झडप आणि फिल्म ओढणारी यंत्रणा कोल्हापुरात घडविता आली. भिंगाची गोष्ट निराळी होती. उत्तम भिंगास लागणारी प्रकाशीय काच त्या काळी भारतात तयार होत नसे. तिच्या निर्मितीचे प्रयत्न कलकत्त्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत (स्थापना १९५०) स्वातंत्र्यानंतरच झाले. पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटनदेखील या काचेसाठी बहुतांशी जर्मनी व फ्रान्स यांवर विसंबून होता आणि युद्ध सुरू होताच तेथे तिची तीव्र टंचाई झाली. अशा काळात हा कॅमेरा उभा राहिला, हे ध्यानात घेतल्यास त्या कामगिरीचे मोल अधिक जाणवते.

कुक ट्रिप्लेट (१८९३) व टेसार (१९०२) या रचना तोवर प्रचारात आल्या होत्या. त्यांत राहिलेले दोष फिल्म काही अंशी झाकीत असे. १९२० च्या सुमारास वापरात असलेल्या फिल्मवर तांबड्या प्रकाशाचा परिणाम होत नसे. कपाळीचे लाल कुंकू पडद्यावर काळे दिसे. त्यामुळे तांबड्या किरणांचा केंद्रबिंदू थोडा मागेपुढे पडला, तरी ते वर्णीय विपथन चित्रात उमटत नसे. अंकीय संवेदक मात्र तांबडा, हिरवा व निळा हे तिन्ही रंग एकाच प्रतलात नोंदवितो. साहजिकच अशा भिंगाचे दोष कडांवरील रंगीत किनारींच्या रूपाने प्रकट होतात. शिवाय संवेदकावरील काचेच्या आवरणामुळे व कडेला तिरप्या येणाऱ्या किरणांमुळे फिल्मसाठी आखलेल्या काही भिंगांची, विशेषतः रुंद दृष्टिक्षेत्राच्या भिंगांची, कामगिरी कोपऱ्यांत खालावते.

पूर्वी दर मिमी.ला किती रेषा वेगळ्या दिसतात, एवढ्यावरून भिंगाची परीक्षा होत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये द्युफ्यो व अमेरिकेत ओटो शाडे यांनी निरनिराळ्या सूक्ष्मतेच्या रेषांतील काळ्या-पांढऱ्याचा भेद किती टिकतो हे मोजण्याची रीत घातली. शाडे यांना दूरचित्रवाणीसाठी तिची गरज भासली होती. या रीतीने पाहता भिंग व संवेदक यांच्या परिणामांचा गुणाकार होतो. समजा, एका सूक्ष्मतेला भिंग ५० टक्के व संवेदक ६० टक्के भेद टिकवितो. तर प्रतिमेत ३० टक्के उरतो. संवेदक ८० टक्क्यांचा घेतल्यास त्याच भिंगाने ४० टक्के मिळतो. म्हणजे जुन्या भिंगामागे नवा संवेदक बसविल्याने प्रतिमा बिघडत नाही. लाभ मात्र अपेक्षेहून कमी होतो.

मग तक्रार कोठून येते? निकॉन डी १ (१९९९) मध्ये सु. २७ लाख, निकॉन डी ८०० (२०१२) मध्ये ३.६ कोटी, तर सोनी ए ७ आर ४ (२०१९) मध्ये ६.१ कोटी चित्रघटक होते. ३६ × २४ मिमी. संवेदकावर २.४ कोटी चित्रघटक असल्यास प्रत्येकाची रुंदी सु. ६ मायक्रॉन, ६.१ कोटी असल्यास सु. ३.८ मायक्रॉन भरते. संगणकाच्या पडद्यावर चित्रघटकास चित्रघटक लावून पाहिले, तर पहिले संपूर्ण चित्र सु. दीड मी. व दुसरे सु. २.४ मी. रुंद होईल. भिंगाचा दोष तोच राहतो. पाहणारा तो दीडपटीहून अधिक मोठा करून, तोही हातभर अंतरावरून पाहतो.

काही मर्यादा भिंगकाराच्याही हाती नाहीत. विवर्तनामुळे बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता तबकडी होते. एफ ८ या रंध्राला हिरव्या प्रकाशात तिचा व्यास सु. ११ मायक्रॉन, एफ १६ ला सु. २१ मायक्रॉन असतो. एफ १६ ला वरील दोन संवेदकांतील फरक जवळजवळ पुसला जातो, मग भिंग कितीही महाग असो. हात हलणे व केंद्रीकरणातील चूक यांचा वाटाही मोठा असतो. भिंगावर ठपका ठेवताना तो सहसा विसरला जातो.

कागल तालुक्यातील मुरगूडसारख्या गावी लग्नसमारंभांची छायाचित्रे काढणाऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न पैशाचा आहे. ४५ × ३० सेंमी.च्या उत्तम छापासाठी लांबीच्या दिशेने सु. ५,३०० चित्रघटक पुरतात व २.४ कोटींचा संवेदक सु. ६,००० देतो. तेवढ्या छापात चांगल्या जुन्या भिंगाचे काम, मधल्या रंध्रावर, नव्याहून वेगळे ओळखणे अवघड जाते. रंध्र पूर्ण उघडून मंद प्रकाशात काम करावयाचे असेल, तर मात्र नव्या भिंगाचा खर्च सार्थकी लागतो.

महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी फारच थोडे अवशेष उरले आहेत. सु. २५ मिमी. रुंदीच्या मूकपटाच्या चौकटीचे ४,०९६ चित्रघटकांत अंकीकरण केले, तर एकेक घटक ६ मायक्रॉनचा होतो. त्यात पायसाचे कण व भिंगाचा कोपऱ्यांतील मवाळपणा दोन्ही स्पष्ट दिसतात. संगणकाने हा मवाळपणा काढून टाकता येतो. परंतु तसे केल्यास त्या काळी कोणत्या भिंगातून चित्र घेतले गेले, याची त्या चौकटीतील खूणही नाहीशी होते.