जन्मगावाचा रकाना

स्कॉटलंडच्या जुन्या जनगणनेची स्कॅन केलेली पानं मी मोबाइलवर झूम करून वाचतो, तेव्हा आधी जन्मगावाचा रकाना बघतो. श्रीमंतांचा इतिहास त्यांच्या पत्रांत आणि मृत्युपत्रांत सापडतो. शेतमजूर कुटुंबाचा इतिहास बऱ्याचदा याच रकान्यात असतो.

१८४१ मध्ये नोंद मोघम होती. पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची आणि जन्म याच काउंटीतला की नाही, हे विचारायचं, नेमकं गाव नाही. १८५१ पासून जन्माचा पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतला गावपरिसर, लिहू लागले आणि कुटुंबांचा प्रवास दिसू लागला.

समजा, इंग्लंडच्या सीमेलगतच्या बेरिकशरमधलं एक घर आहे. बाप नांगर हाकणारा. थोरली मुलगी जन्मली स्विंटनला, मधला एकल्सला, त्यानंतरची ग्रीनलॉला आणि तान्हं बाळ डन्सला. चार मुलं, चार गावं. अशी घरं या पानांवर जागोजाग भेटतात.

कारण हा बाप म्हणजे तिकडचा सालगडी. त्याला 'हाइंड' म्हणत. करार वर्षाचा, राहायचं घर मालकाचं, मजुरीचा मोठा भाग ओट, जव, बटाट्यांसाठी जमिनीचा तुकडा आणि गाईचा चारा अशा रूपात. करार संपला की घरही गेलं. त्यातून आणखी एक अट असे: हाइंडने शेतकामाला एक बाईमाणूसही पुरवायचं. तिला 'बाँडेजर' म्हणत. मुलगी मोठी असेल तर ती जाई. नसेल तर बाहेरची पोरगी ठेवून तिला जेवू-खाऊ घालायचं, घरातच झोपायला जागा द्यायची.

म्हणून मजुराच्या घरात 'नोकर' अशी नोंद दिसली, तर बरी परिस्थिती असेल असं समजू नका. १८६१ मध्ये खिडकी असलेल्या खोल्या किती, हेही विचारलं होतं. एक किंवा दोन खोल्या, त्यात आई-बाप, पोरं आणि ती परकी मुलगी. बायकोच्या धंद्याचा रकाना मात्र अनेकदा कोरा. सुगीत ती राबली, तरी वसंतातल्या त्या एका रात्रीच्या नोंदीत तिचं काम येत नसे.

तारखाही बघा. १८५१ ची जनगणना ३० मार्चची, १८६१ ची ७ एप्रिलची. या भागातले मजूरभरतीचे बाजार त्याआधीच, हिवाळा सरता सरता भरत आणि घरं बदलायची मे महिन्यात. म्हणजे गणना करणारा दारात आला, तेव्हा काही कुटुंबांचं पुढच्या शेतावरचं ठरूनही गेलेलं असे. शाई वाळून दोन महिने होण्याआधी गाडीवर पलंग, पेटारा आणि पोरं चढत.

या फिरण्याला किंमत होती. १८४५ च्या गरीब कायद्यानुसार एखाद्या पॅरिशमध्ये सलग पाच वर्षं राहिलं, तरच तिथल्या मदतीवर हक्क तयार होई. दर एक-दोन वर्षांनी गाव सोडणाऱ्याला तो मिळणं कठीण. म्हातारपणी प्रश्न यायचा: तू मूळचा कुठला?

तरीही माणसं निघत. मालक तिरसट, छप्पर गळकं, मुलीच्या कामाचे पैसे कमी, अशा तक्रारींची दाद फारशी कुठे लागत नसे. मग पुढच्या वर्षाचा करार नाकारायचा, एवढंच त्यांच्या हातात होतं. मुलांच्या जन्मगावांची ती यादी मी म्हणूनच नुसती फरफट म्हणून वाचत नाही. त्यातल्या काही गावांना त्यांनी स्वतःहून रामराम ठोकलेला असणार.