धर्मांतर, नामांतर, लिप्यंतर : 'दीक्षा' हा शब्द शोधताना

१/
गेल्या महिन्यात संगणकावरील एका फाइलमध्ये मी 'दीक्षा' हा शब्द शोधला. उत्तर आले : शून्य. फाइलमध्ये उत्तर नागपुरातील काही वृद्ध स्त्रियांच्या आठवणी होत्या आणि त्यांचा विषय होता १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस. ज्या मजकुरात पानोपानी दीक्षेचीच हकिकत आहे, त्यात तो शब्द एकदाही नाही, असे यंत्र सांगत होते. असे का झाले, ते धाग्याच्या शेवटी सांगतो. त्याआधी थोडा इतिहास.

२/
धर्मांतर, नामांतर, भाषांतर, लिप्यंतर, रूपांतर. या सर्व शब्दांच्या शेवटी 'अंतर' आहे. संस्कृत समासात त्याचा अर्थ 'दुसरा' असा होतो : दुसरा धर्म, दुसरे नाव, दुसरी भाषा. मराठीत मात्र सुटा 'अंतर' हा शब्द दोन बिंदूंमधील दूरत्व दाखवतो. बदलाचा इतिहास वाचताना हे दोन्ही अर्थ जवळ ठेवावेत. माणूस पलीकडे जातो तो एका क्षणी; पण तो पोहोचला आहे, हे पलीकडच्यांनी आणि मागे राहिलेल्यांनी मान्य करण्यास किती काळ लागतो?

३/
जुन्या मराठीत धर्म बदलण्याला सरळ 'बाटणे' म्हणत. या क्रियापदातच निवाडा आहे : जो गेला तो विटाळला. परतीच्या वाटेचे नाव 'शुद्धी'. मोगलांकडे गेल्यावर मुहम्मद कुली खान झालेले नेताजी पालकर १६७६ मध्ये शिवाजी महाराजांकडे परतले, तेव्हा त्यांना पुन्हा हिंदू करून घेण्यात आले. 'बाटणे' आणि 'शुद्धी' या दोन्ही शब्दांत बदलणाऱ्या माणसाचे स्वतःचे मत कुठेच येत नाही. तो काय सोडून जातो आणि का, हा प्रश्न शब्दाच्या बाहेरच राहतो.

४/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रश्न एका मराठी घरात शिरला. कवी नारायण वामन टिळक नागपुरात वास्तव्यास होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला आणि त्याने बायबल वाचण्यास दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पत्नी लक्ष्मीबाई यांना तो मार्ग पटण्यास सुमारे पाच वर्षे लागली; १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

५/
त्या मधल्या काळातील ताटातूट, सोवळेओवळे, नातलगांचा धाक आणि एकेक समजूत गळून पडणे हे सारे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहिले आहे. पतीचा बाप्तिस्मा एका दिवसाचा. पत्नीला तो बदल समजून घेण्यास, म्हणजे एका अर्थाने वाचता येण्यास, पाच वर्षे. ही एका घराची गोष्ट झाली. एक संपूर्ण समाज पलीकडे जातो तेव्हा काय होते, हे पाहण्यासाठी पुन्हा नागपूरलाच यावे लागेल.

६/
नागपूर अचानक निवडले गेले नव्हते. १ जानेवारी १८७७ रोजी येथे टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. विणकाम जाणणाऱ्या अनेक महार कुटुंबांना गिरणीत रोजगार मिळाला. गावगाड्याबाहेर रोख वेतन मिळू लागले, वस्त्या वाढल्या, शाळा, संस्था आणि वृत्तपत्रे उभी राहिली. १९२० मध्ये शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद याच शहरात भरली. जुलै १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापनाही येथेच झाली.

७/
१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले की जन्म हिंदू म्हणून झाला असला, तरी मृत्यू हिंदू म्हणून येणार नाही. पुढच्या वर्षी, मे १९३६ अखेरच्या मुंबई परिषदेत, त्यांनी आपल्या निर्णयामागील युक्तिवाद सविस्तर मांडला. ते भाषण 'मुक्ती कोन पथे?' या नावाने प्रसिद्ध आहे.

८/
त्या भाषणात एका आक्षेपाला उत्तर आहे : धर्म कशाला बदलायचा, नाव बदलले तर पुरे नाही का? बाबासाहेबांचे म्हणणे असे की चोखामेळा म्हणवून घेतले वा हरिजन म्हणवून घेतले, तरी ऐकणारा जुनीच जात ओळखतो. केवळ नाव बदलून कलंक पुसला जात नाही. वरचे लेबल आणि आतली व्यवस्था यांतील हा फरक लक्षात ठेवा. तो पुढे अगदी वेगळ्या ठिकाणी भेटणार आहे.

९/
येवल्याच्या घोषणेनंतर एकवीस वर्षे गेली. १९५६ हे बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचे २५०० वे वर्ष म्हणून साजरे होत होते. १४ ऑक्टोबरला, विजयादशमीच्या दिवशी, आज आपण दीक्षाभूमी म्हणतो त्या मैदानावर लाखोंचा समुदाय जमला. कुशीनगरचे वयोवृद्ध भिक्खू चंद्रमणी महास्थविर यांनी बाबासाहेब व माईसाहेब यांना त्रिशरण आणि पंचशील दिले.

१०/
त्यानंतर जे घडले ते परंपरेच्या दृष्टीने असाधारण होते. भिक्खू नसलेल्या, गृहस्थ असलेल्या बाबासाहेबांनी स्वतःच समुदायाला दीक्षा दिली. ज्यांची इच्छा असेल त्यांनी उभे राहावे, असे सांगितले आणि मैदान उभे राहिले. त्रिशरण-पंचशीलासोबत त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. काय मानणार नाही, काय करणार नाही आणि काय स्वीकारणार, याची ती स्पष्ट यादी आहे. आपला नवा जन्म होत आहे, ही भावनाही तिच्यात आहे.

११/
शब्द कसा बदलला तेही पाहा. १९३५-३६ च्या चर्चेत 'धर्मांतर' हा शब्द आहे. १९५६ मध्ये 'धम्मदीक्षा' आणि 'धम्मचक्र प्रवर्तन'. 'धर्मांतर' म्हटले की लक्ष सोडलेल्या जागेकडे जाते. 'प्रवर्तन' हा शब्द सारनाथच्या पहिल्या उपदेशाची आठवण देतो. त्यात चाक पुन्हा फिरू लागते. 'बाटणे' म्हणणाऱ्या भाषेत आपल्या कृतीचे नाव ठरवण्याचा हक्क त्या दिवशी कृती करणाऱ्यांनी स्वतःकडे घेतला.

१२/
१६ ऑक्टोबरला चंद्रपूर येथे असाच सोहळा झाला. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दीक्षा आणि निधन यांत दोन महिन्यांचेही अंतर नव्हते. तरीही १९६१ च्या जनगणनेने झालेला बदल कागदावर टिपला : १९५१ मध्ये महाराष्ट्रात सुमारे अडीच हजार बौद्ध नोंदले गेले होते, १९६१ मध्ये ही संख्या सुमारे २७ लाख ९० हजार झाली.

१३/
जनगणनेच्या रकान्याने बदल वाचला; कायद्याला मात्र तो वाचता आला नाही. राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातील तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जात नसे. १९५६ मध्ये त्यात शीख धर्माचा समावेश झाला. बौद्धांचा झाला नाही.

१४/
त्यामुळे एक विचित्र स्थिती उद्भवली. दीक्षा घेताच अस्पृश्यतेचे सर्व परिणाम संपले, असे कायदा गृहीत धरत होता. गावची विहीर, भाड्याचे घर, नोकरीची मुलाखत या ठिकाणी मात्र समोरचा माणूस जुनीच जात वाचत होता. कायद्याच्या लेखी पूर्ण बदल आणि समाजाच्या लेखी काहीच नाही, अशा दोन चुकीच्या वाचनांच्या मध्ये एक पिढी उभी होती.

१५/
महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर राज्य शासनाने 'नवबौद्ध' या नावाखाली राज्य पातळीवरील सवलती लागू केल्या. केंद्रीय आदेशात बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडले. १९५६ ते १९९० म्हणजे चौतीस वर्षे. दीक्षाभूमीवर उभा राहिलेला विशीतील तरुण तोवर निवृत्तीला आला होता.

१६/
नामांतराची कथाही याच वळणाची. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव प्रत्यक्षात आले. 'मराठवाडा' कायम ठेवून केलेला हा बदल 'नामविस्तार' म्हणून ओळखला जातो. एका ठरावाच्या अंमलासाठी सुमारे साडेपंधरा वर्षे आणि अनेकांचे प्राण गेले.

१७/
आता संगणकाकडे वळू. उपमा फार ताणणार नाही. फाइलला वेदना होत नाहीत आणि दीक्षा म्हणजे तांत्रिक प्रक्रिया नव्हे. पण आपल्या पिढीला हा इतिहास ज्या फाइलींतून मिळतो, त्यांचेही रूपांतर होत असते आणि तेथे काय हरवते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवे.

१८/
नव्वदच्या दशकातील बहुतेक मराठी टंकलेखन जुन्या फाँटमध्ये झाले. त्या फाँटमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. डोळ्यांना मराठी दिसे, यंत्राच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरांची माळच होती. फाँट काढून घेतला की पडद्यावर अर्थहीन चिन्हे उरत. १९३६ च्या भाषणातील तो फरक इथे आठवतो : वर नवे लेबल, आत जुनीच व्यवस्था. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक मिळाले. 'क' चा क्रमांक २३२५. तो जगातील कोणत्याही यंत्रात 'क' च असतो.

१९/
जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये जाताना केवळ अक्षरे बदलून भागत नाही, क्रमही बदलावा लागतो. 'धर्मांतर' हाच शब्द घ्या. जुन्या पद्धतीत आधी ध, मग म आणि काना, त्यानंतर रफार. युनिकोडमध्ये रफाराचा 'र' उच्चाराप्रमाणे 'म' च्या आधी साठवला जातो. 'परिवर्तन' मधील ऱ्हस्व वेलांटी पूर्वी 'र' च्या आधी टंकली जाई. आता ती 'र' च्या नंतर जाते. दिसण्याचा क्रम सोडून उच्चाराचा क्रम धरावा लागतो.

२०/
आता ते शून्य. या स्त्रियांच्या आठवणी आधी ध्वनिफितीवर मुद्रित झाल्या आणि नंतर जुन्या फाँटमध्ये टंकल्या गेल्या. त्यांचे युनिकोड करण्यासाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. टंकताना चुकून दोनदा उमटलेले काने काढावेत म्हणून 'सलग दोन काने आल्यास एक गाळावा' असा नियम घातला. पण त्या फाँटमध्ये पूर्ण 'क्ष' म्हणजे अर्धा 'क्ष' आणि एक उभी रेघ. 'क्षा' म्हणजे सलग दोन रेघा. रेघ आणि काना यांची कळ एकच. माझ्या नियमाने प्रत्येक 'दीक्षा' चे 'दीक्ष' करून टाकले. चूक टंकणाऱ्याची नव्हती; नीटनेटकेपणाच्या हौसेपायी ती मी केली होती.

२१/
नियम काढला, फाइल पुन्हा बदलली, शोध घेतला. 'दीक्षा' ४१ ठिकाणी मिळाली. पण वाचताना आणखी सात ठिकाणी 'दिक्सा' दिसले. हीसुद्धा प्रोग्रॅमचीच चूक असेल, असे समजून दुरुस्त करणार होतो. सुदैवाने मूळ ध्वनिफीत उपलब्ध होती. ती ऐकली. त्यातील एक आजी 'दिक्सा' असेच म्हणत होत्या आणि टंकणाऱ्याने त्यांचा उच्चार प्रामाणिकपणे जपला होता. ते सात शब्द मी तसेच ठेवले आहेत.

२२/
तात्पर्य उपयोगाचे आहे. १५ ऑक्टोबर १९५६ चे बाबासाहेबांचे भाषण आज चित्रफलकांवरील दोन ओळींत फिरते. मराठीत बोललेले, लिहून घेतलेले, छापलेले, हिंदी-इंग्रजीत गेलेले, पुन्हा मराठीत आणलेले, अशी कितीतरी अंतरे पार करून ते आपल्यापर्यंत येते. नागपूरचेच वसंत मून यांनी संपादनाची धुरा वाहिलेल्या शासनाच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९७९ मध्ये निघाला. पुढे तिच्यात मराठी भाषणांचे खंडही आले. अवतरण पुढे पाठवण्यापूर्वी तेथपर्यंत जाऊन पाहावे.

२३/
आणि घरात, वस्तीत कोणी १९५६ चा साक्षीदार असेल, तर आजच त्यांचे बोलणे मुद्रित करा. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे. मूळ ध्वनिफाइल जशीच्या तशी ठेवा, तिची प्रत करा, लेखी उतारा वेगळा ठेवा आणि आपण काय बदलले याची एका कागदावर नोंद करा. शुद्धलेखन दुरुस्त करण्याची घाई करू नका.

२४/
१९५६ मध्ये मैदानावर उभ्या राहिलेल्या माणसांना काय सोडायचे हे नेमके माहीत होते. त्यांनी ते बावीस प्रतिज्ञांत उच्चारून सोडले. आपल्याला फाइलमधून काय गळते, ते बहुधा कळतही नाही. त्यांचा बदल वाचायला कायद्याला चौतीस वर्षे लागली. त्यांचे शब्द वाचताना आपल्या हातून निदान एक काना तरी गाळला जाऊ नये.

धागा समाप्त. आपल्या घरातील आठवणी असतील तर खाली अवश्य लिहा. ज्या शब्दात सांगितल्या, त्याच शब्दात.