काळी, पांढरी आणि गडाभोवतीची माती

इंग्लंडमध्ये किल्ला पाहायला गेलेला माणूस पुष्कळदा एक गवताळ टेकाड आणि भोवतीचा बुजत आलेला खंदक एवढेच पाहून परत येतो. तिथे दगड एकही नसतो. 1066 साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि मुलूख ताब्यात ठेवण्यासाठी घाईने किल्ले उभे केले, ते मातीचे. गोल खंदक खणायचा, निघालेली माती मधोमध रचायची, त्या टेकाडाच्या माथ्यावर लाकडी मनोरा बांधायचा आणि पायथ्याशी कुंपण घातलेले अंगण ठेवायचे. टेकाडाला म्हणतात ‘मॉट’, अंगणाला ‘बेली’. विंडसरच्या राजवाड्याचा गोल मनोरा आजही अशाच टेकाडावर उभा आहे. इतर बऱ्याच ठिकाणी लाकूड कुजले, माती राहिली. तिला तिकडे स्मारकाचा दर्जा मिळतो, नकाशावर तिची खूण असते, आणि सुट्टीच्या दिवशी साधी माणसे ती पाहायला जातात.

किल्ल्यांचे तसेच गावांचे. यॉर्कशायरमधले व्हॅरम पर्सी हे गाव इ.स. 1500च्या सुमारास ओस पडले. मेंढ्यांच्या लोकरीत शेतीपेक्षा जास्त पैसा दिसू लागला आणि जमीनमालकाने उरलीसुरली कुळे उठवली. आज तिथे पडके चर्च आहे, आणि गवताखाली घरांच्या चौकोनी रेघा. मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट या दोघांनी 1950 पासून चाळीस वर्षे, दर उन्हाळ्यात, हे एक गाव खणले. इथे राजा राहिला नव्हता की लढाई झाली नव्हती. शेतकरी कसे राहत, काय खात, कसे मरत, एवढेच त्यांना हवे होते.

हे सारे मी पुस्तकांतून आणि नकाशांतून पाहिले. पायांनी पाहिला तो जोतिबा, पन्हाळा आणि पावनगडाचा टापू. गेली वीस-पंचवीस वर्षे इथे हिंडताना एक गोष्ट मला सलते. आपण दगड वाचतो, माती वाचत नाही. तीन दरवाज्याची कमान, अंबारखान्याची कोठारे, जोतिबाच्या देवळाचे शिखर यांच्यापुढे माणूस थांबतो. वाटेतल्या उंचवट्यावरून मात्र गाडी सरळ पुढे जाते.

खरे तर मातीचा इतिहास सांगणारे शब्द आपल्याकडे इंग्रजांपेक्षा जास्त आहेत. शेतजमीन ती काळी, वस्तीची जागा ती पांढरी. पिढ्यान् पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या भिंतींचा चिखल यांनी गावाखालची माती फिकट होते आणि गाव हळूहळू उंच होत जाते. देशावरच्या गढ्या याच पांढऱ्या मातीच्या, खाली दगडी जोते आणि वर हातभर नव्हे तर पुरुषभर जाडीची भिंत. आणि ओस पडलेल्या गावाला महसुली भाषेत शब्द आहे ‘बेचिराख’. मूळ फारसी ‘बे-चिराग’, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. आपण तो शब्द ‘जळून राख झालेले’ या अर्थाने वापरतो, पण कारकुनाला म्हणायचे होते एवढेच की शिवार आहे, सारा बसतो आहे, वस्ती मात्र नाही.

गावांची नावेही तशीच बोलतात. पन्हाळा तालुक्यात एक पोहाळे ‘तर्फ आळते’ आहे, दुसरे पोहाळे ‘तर्फ बोरगाव’. जोतिबाच्या पायथ्याचे कुशिरे ‘तर्फ ठाणे’. तर्फ म्हणजे परगण्याखालचा गावांचा गट. ती व्यवस्था केव्हाच संपली, पण टपालाच्या पत्त्यात ती अजून जिवंत आहे. व्हॅरम पर्सी या नावातले ‘पर्सी’ हेही तसेच, गावाच्या जुन्या सरदार घराण्याचे नाव. तिकडे शाळेतली पोरे अशा नावांचा उलगडा करायला शिकतात. आपल्याकडे ‘तर्फ’ला ‘त.’ करून टाकले आहे.

आता पन्हाळ्याकडे येऊ. शिलाहार राजा दुसरा भोज याचा 1191चा ताम्रपट पन्हाळ्यावरून दिलेला आहे. म्हणजे इंग्लंडात मातीच्या टेकाडांवर दगडी किल्ले चढू लागले होते, त्याच सुमारास इथे राजधानी नांदत होती. आपल्याला टेकाड रचावे लागले नाही, सह्याद्रीने ते आयते दिले. पण आयत्या डोंगराचीही एक अडचण असते, ती म्हणजे शेजारचा डोंगर. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, 1715च्या सुमारास, गडाजवळ दुसरी उंच जागा असू नये, असेल तर ती कमी करावी, ते न जमल्यास तीही बांधून घ्यावी, असे बजावलेले आहे. पावनगड हे त्याचे उत्तम उदाहरण. 1673च्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंदाने पन्हाळा घेतला आणि त्यानंतर शिवाजी महाराजांनी शेजारची ही उंची बांधून काढली. 1660च्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या मदतीला राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन आले होते, तो अनुभव ताजाच होता.

वेढा म्हणजे तर सगळे मातकामच. मोर्चे खणायचे, तोफा चढवण्यासाठी मातीचे दमदमे रचायचे, भुयारे न्यायची. 1701 साली औरंगजेब स्वतः पन्हाळ्याखाली तळ देऊन बसला होता. त्या छावणीत इंग्लंडच्या राजाचा वकील सर विल्यम नॉरिस एप्रिलमध्ये येऊन बादशहाला भेटला. मे महिन्याच्या अखेरीस गड मोगलांकडे गेला. एवढी प्रचंड छावणी महिनोन् महिने इथे पडून होती. तिच्या खुणा या शिवारांत कुठे राहिल्या असतील, याचा पद्धतशीर शोध घ्यायला हवा. हवाई छायाचित्रे आज कोणालाही घरबसल्या मिळतात.

पन्हाळ्याची पडझड काळाने केली असे आपण सहज म्हणतो. तिचा मोठा भाग एका तारखेला बांधलेला आहे. 1844 साली गडकऱ्यांच्या पिढीजात जमिनींचा कारभार बदलू लागला, तेव्हा सामानगडापासून बंड पेटले. कर्नल ओव्हान्स या इंग्रज अधिकाऱ्याला पकडून पन्हाळ्यावर कोंडले गेले. 1 डिसेंबर 1844 रोजी जनरल डेलामोटच्या फौजेने तटाला खिंडार पाडून गड घेतला आणि नंतर तटबंदी मोडून टाकली. चार दरवाजा त्यातच गेला. इंग्रजांना ही रीत घरूनच ठाऊक होती. आपल्या यादवी युद्धानंतर त्यांनी 1646 साली कॉर्फचा किल्ला असाच सुरुंग लावून निकामी केला. कॉर्फचे पडके बुरूज बघायला आज तिकीट लागते, आणि तो कोणी, कधी, का पाडला हे तिथे आधी सांगतात. चार दरवाज्याच्या जागी उभा राहणारा पर्यटक बहुधा बाजीप्रभूंचा पुतळा पाहून पुढे जातो.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मानले, त्यांत पन्हाळा आहे. मला त्यातला ‘भूदृश्य’ हा शब्द मोलाचा वाटतो. त्यात तटाखालचा उतार आला, पाण्याची टाकी आली, गडकऱ्यांच्या वाड्या आल्या, गडावर आज राहणारी माणसेही आली. अडचण अशी, की दगड हलवायचा तर चार लोक विचारतात, माती हलवायला कोणी विचारत नाही. पांढरीची माती खत म्हणून चांगली, म्हणून ती ट्रॉलीने शेतात जाते. शेत सपाट करायला जेसीबी येतो आणि शंभर पिढ्यांचा उंचवटा दुपारपर्यंत नाहीसा होतो. यात शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ती माती म्हणजे काय, हे त्याला सांगायला कोणी गेलेलेच नाही.

आणि ती काय देऊ शकते याचे उदाहरण कोल्हापुरातच आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीचे उत्खनन 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी केले. सातवाहनांपासून बहामनींपर्यंतचे थर एकावर एक निघाले. त्याच टेकडीत सापडलेली पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची छोटी ब्राँझमूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. खुद्द शहराच्या तटाचे मात्र बिंदू चौकातला तुकडा आणि गंगावेस, वरुणतीर्थ वेस अशी नावे एवढेच उरले, खंदक तर साफ बुजला.

जोतिबा, म्हणजे कागदोपत्री वाडी रत्नागिरी, हे गाव काळीपेक्षा देवावर जगणारे. 1730चे राणोजी शिंद्यांचे देऊळ, 1743ची जिजाबाईसाहेबांची पुष्करिणी, यांच्याभोवती गुरवांची घरे दाटत गेली. चैत्रात इथे गर्दीत आणि गुलालात काही दिसत नाही. दिवाळीनंतर यावे. गवत वाळू लागलेले असते, धुके लवकर फिटते, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात खालच्या शिवारांतल्या प्रत्येक उंचवट्याची सावली लांब पडते. दुपारी अकरानंतर ती दिसत नाही. उतरताना एखाद्या गावात थांबून म्हाताऱ्या माणसाला विचारावे, जुनी पांढर कुठली म्हणून. बहुतेक वेळा तो हाताने दाखवतो.