ट्रान्समिशन कूलर: छोट्या गाडीने ट्रेलर ओढताना गिअरबॉक्स कसा वाचतो?

अमेरिकेत घर बदलताना सामानासाठी छोटा ट्रेलर भाड्याने घेणं, किंवा सुट्टीत होडी आणि कॅम्पिंगचं सामान गाडीमागे जोडून निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. मोठ्या पिकअप ट्रकला या वजनाचं फारसं काही वाटत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या छोट्या गाडीला मात्र हे काम जड जातं, आणि त्याचा मार बरेचदा गिअरबॉक्सला बसतो. तो बदलायचा तर खर्च हजारो डॉलरमध्ये जातो. जुन्या छोट्या गाडीची कधी कधी तेवढी किंमतही उरलेली नसते.

यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे बाहेरून बसवायचा ट्रान्समिशन कूलर. तो कसा काम करतो, कोणत्या गाडीला चालतो, कसा बसवतात आणि त्याच्या भरवशावर किती वजन ओढता येतं, हे समजून घेऊ.

गिअरबॉक्स इतका गरम का होतो?

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स क्लचने थेट जोडलेले असतात. पारंपरिक ऑटोमॅटिकमध्ये या दोघांच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्याची एक बाजू इंजिन फिरवतं, त्या फिरण्याने आतलं तेल ढकललं जातं आणि ते तेल गिअरबॉक्सकडची बाजू फिरवतं. या दोन बाजूंच्या वेगात जेवढा फरक पडतो, तेवढी ताकद वाया जाऊन तेलात उष्णता बनून उतरते.

सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना टॉर्क कन्व्हर्टर लॉक होतो, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र फिरतात आणि उष्णता कमी तयार होते. चढावर ट्रेलर ओढताना हे लॉक वारंवार सुटतं, आणि खरी तापातापी तिथे सुरू होते.

एक ढोबळ हिशेब करू. समजा, गाडी आणि माणसं मिळून १,३०० किलो आणि ट्रेलर ६०० किलो. ६ टक्के चढावर ताशी ७० किलोमीटरने जायला साधारण ३२ किलोवॅट ताकद लागेल. त्यातली १५ टक्के जरी गिअरबॉक्समध्ये वाया गेली, तरी जवळपास ५ किलोवॅट उष्णता तयार होते. घरातला साठवणीचा गिझर बहुधा २ किलोवॅटचा असतो. म्हणजे चढ संपेपर्यंत अडीच गिझर गिअरबॉक्सचं तेल तापवत राहतात, आणि ते तेल असतं जेमतेम काही लिटर.

तेल तापलं तर बिघडतं काय?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, म्हणजे एटीएफ, एकाच वेळी चार कामं करतं. ते ताकद पोहोचवतं, गिअर बदलण्यासाठी लागणारा दाब देतं, भागांना वंगण पुरवतं आणि उष्णता वाहून नेतं. तेल बिघडलं की ही चारही कामं बिघडतात.

हे तेल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला सुखात असतं. त्यापुढच्या तापमानासाठी गिअरबॉक्स दुरुस्तीच्या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे: ८० अंशांच्या वर दर ११ अंशांमागे तेलाचं आयुष्य निम्मं होतं. त्याच ठोकताळ्यानुसार ११५ अंशांच्या आसपास तेलाचा चिकट थर जमू लागतो, १२५ च्या पुढे रबरी सील कडक होतात आणि १४५ च्या आसपास क्लच प्लेट घसरून जळू लागतात. आजची सिंथेटिक तेलं यापेक्षा जास्त सोसतात, पण घसरणीचा क्रम तोच राहतो.

शिवाय हे नुकसान बरेचदा त्या दिवशी दिसत नाही. गाडी घरी नीट पोहोचते. काही महिन्यांनी गिअर उशिरा पडू लागतो, धक्के बसतात, तेलाला करपट वास येतो.

गाडीत आधीपासून काहीच व्यवस्था नसते का?

असते. पारंपरिक ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या एका टाकीत बसवलेल्या छोट्या कूलरमधून फिरून परत येतं. थंडीत कूलंट त्या तेलाला लवकर गरम करतो आणि एरवी थंड ठेवतो. बऱ्याच नव्या गाड्यांत हेच काम गिअरबॉक्सवरच बसवलेला वेगळा भाग करतो.

मात्र इंजिनचा कूलंट स्वतःच ९० अंशांच्या आसपास असतो. त्यामुळे ही व्यवस्था तेलाला त्याहून थंड करू शकत नाही. इंजिनवर ताण आला की कूलंटही तापतो आणि तेलाला मिळणारा दिलासा आणखी कमी होतो. बाहेरचा कूलर तेलाला थेट वाऱ्याने गार करतो, हा त्याचा मुख्य फायदा.

तुमच्या गाडीला कूलर चालेल का?

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिकला कूलरचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

सीव्हीटीमध्ये साखळी किंवा पट्टा पुलींवर घट्ट दाबून ताकद पोहोचवली जाते. तिलाही उष्णतेचा त्रास होतो, पण तेल वेगळं असतं आणि दाबाचं गणित नाजूक असतं. त्यामुळे तिथे त्याच मॉडेलसाठी बनवलेलं किट असेल तरच विचार करावा.

कोरड्या क्लचच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये तापतात त्या क्लच प्लेट, आणि त्या तेलात नसतात. त्यामुळे तेलाचा कूलर त्यांना वाचवत नाही. मॅन्युअल आणि एएमटी गाड्यांनाही हा कूलर लागत नाही.

कोणता कूलर घ्यावा?

बाजारात तीन मुख्य प्रकार मिळतात. नळी आणि पत्र्यांचा कूलर स्वस्त असतो, पण त्याच आकारात कमी उष्णता काढतो. प्लेट आणि पत्र्यांचा त्याहून चांगला. थरावर थर रचलेला, म्हणजे स्टॅक्ड प्लेट प्रकारचा कूलर कमी जागेत सगळ्यात जास्त काम करतो, म्हणून छोट्या गाडीच्या अरुंद नाकासाठी तो सोयीचा.

जास्तीत जास्त मोठा कूलर घेणं मात्र शहाणपणाचं नाही. मिनेसोटासारख्या राज्यात हिवाळ्यात तेल गरमच झालं नाही तर ते घट्ट राहतं, गिअर नीट पडत नाहीत आणि आतला ओलावा उडून जात नाही. अशा ठिकाणी थर्मोस्टॅट असलेला कूलर घ्यावा. तेल गार असेपर्यंत तो त्याला कूलरच्या बाहेरूनच परत पाठवतो.

कूलर कसा बसवतात?

काम मेकॅनिककडून करून घेतलं तरी पायऱ्या माहीत असलेल्या बऱ्या.

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावं. गाडी उचलायची असेल तर ती स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या आधाराने उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नये.

२. परतीचा पाइप ओळखावा. गिअरबॉक्सकडून दोन पाइप निघतात. थंड इंजिन सुरू केल्यावर जो आधी गरम होतो तो तेल बाहेर नेणारा, दुसरा परतीचा. सर्व्हिस मॅन्युअलमधली आकृती पाहून खात्री करावी.

३. नवा कूलर परतीच्या पाइपवर जोडावा. तेलाचा मार्ग असा हवा: गिअरबॉक्स, रेडिएटरमधला कूलर, नवा कूलर आणि परत गिअरबॉक्स. शेवटचा थंडावा वाऱ्याकडून मिळतो आणि थंडीत तेल गरम करण्याची कंपनीची सोयही शाबूत राहते.

४. कूलर एसीच्या कंडेन्सरच्या पुढे, वारा लागेल अशा जागी ब्रॅकेटवर बसवावा. अनेक किटमध्ये जाळीतून आरपार ओवायच्या प्लास्टिक पट्ट्या मिळतात, पण हादऱ्यांनी घासून त्या कंडेन्सरच्या नळ्यांना भोक पाडू शकतात. कूलरची तोंडं वर किंवा बाजूला ठेवावीत, म्हणजे आत हवा अडकत नाही.

५. होज पाइप ट्रान्समिशन तेलासाठीचाच घ्यावा. पेट्रोलचा किंवा पाण्याचा पाइप गरम एटीएफ आणि दाबाने मऊ होऊन फाटू शकतो. पाइपला अवघड वळण नको, आणि तो सायलेन्सरच्या नळीपासून व पत्र्याच्या धारेपासून लांब ठेवावा.

६. धातूचा पाइप कापावा लागला तर त्याच्या टोकाला फुगवटा काढावा किंवा योग्य फिटिंग वापरावं. गुळगुळीत टोकावर नुसता क्लॅम्प आवळला तर दाबाने होज निसटू शकतो. हमरस्त्यावर तसं झालं तर तेल काही क्षणांत बाहेर पडतं, आणि गरम भागावर उडालं तर आगही लागू शकते.

७. तेलाची पातळी पुन्हा भरावी. कूलर आणि पाइपमध्ये साधारण अर्धा ते एक लिटर तेल जादा मावतं. तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचंच हवं. बऱ्याच नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते आणि पातळी ठरावीक तापमानाला तळाचा बोल्ट उघडून तपासावी लागते. हे काम जाणकाराकडेच द्यावं.

८. गाडी थोडी फिरवून सगळे जोड गळतीसाठी तपासावेत. पहिल्या लांबच्या प्रवासानंतर पुन्हा एकदा पाहावेत.

कूलर बसवला की जास्त वजन ओढता येतं का?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. कूलरच्या खोक्यावर हजारो पौंडांचा आकडा छापलेला असतो. कोणत्या वजनाच्या वाहनाला तो कूलर पुरेल, एवढंच तो आकडा सांगतो. तुमची गाडी किती ओढू शकते, याच्याशी त्याचा संबंध नसतो.

ओढण्याची मर्यादा ठरवताना ब्रेक, मागची चाकं आणि सस्पेन्शन, चॅसिसची ताकद, इंजिनचं कूलिंग आणि गाडीची स्थिरता हे सगळं पाहिलं जातं. कूलर यातल्या एकाही गोष्टीला हात लावत नाही. उतारावर ट्रेलर मागून ढकलू लागला, तर गिअरबॉक्सचं तेल कितीही गार असलं तरी गाडी थांबवायचं काम ब्रेकचं असतं.

अमेरिकेत ही मर्यादा मोजण्यासाठी एसएई जे२८०७ नावाचं मानक आहे. त्यातली चढाची चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या घाटरस्त्यावर आधारलेली आहे. १८ किलोमीटरहून जास्त लांबीचा हा चढ सुमारे ३८ अंश सेल्सिअस तापमानात, एसी पूर्ण चालू ठेवून, ट्रेलरसह आणि ठरावीक वेगाच्या खाली न जाता पार करावा लागतो. आणि चढ हा या मानकाचा केवळ एक भाग आहे. गाडी हाताळण्याच्या आणि थांबवण्याच्या कसोट्या वेगळ्या असतात.

सुबारू क्रॉसट्रेकचं उदाहरण बोलकं आहे. अमेरिकेत तिच्या नेहमीच्या मॉडेलची ओढण्याची मर्यादा १,५०० पौंड, म्हणजे सुमारे ६८० किलो आहे. २०२४ च्या वाइल्डरनेस मॉडेलला ती ३,५०० पौंड, म्हणजे जवळपास १,५९० किलो मिळाली. त्या मॉडेलमध्ये ट्रान्समिशन कूलर आहे खरा, पण सोबत गिअरचं शेवटचं गुणोत्तरही बदललेलं आहे आणि त्या आकड्यामागे कंपनी स्वतः उभी आहे. नेहमीच्या मॉडेलला बाहेरून कूलर लावला तर ती वाइल्डरनेस होत नाही.

काही छोट्या गाड्यांच्या अमेरिकेतल्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढूच नये, असं लिहिलेलं असतं, आणि युरोपात तशाच गाडीला मर्यादा दिलेली असते. तो आकडा अमेरिकेत वापरू नये. युरोपात ट्रेलरसाठी वेगमर्यादा कमी असते, जर्मनीत ती साधारणपणे ताशी ८० किलोमीटर आहे. हिचवर पडणारा भारही तिथे कमी ठेवतात. अमेरिकेत तो ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवण्याची पद्धत आहे.

गाडी चालवताना काय करावं?

- वेग कमी ठेवावा. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो.
- चढावर खालच्या गिअरमध्ये राहावं. सतत गिअर बदलले की उष्णता वाढते.
- शक्य असेल तर ओबीडी रीडरवर तेलाचं तापमान पाहत राहावं.
- तापमान वाढलं तर सुरक्षित जागी थांबून, गाडी पार्कमध्ये टाकून इंजिन काही मिनिटं चालू ठेवावं. इंजिन बंद केलं तर तेल फिरवणारा पंपही थांबतो.
- ट्रेलर नियमित ओढत असाल तर तेल लवकर बदलावं.

वॉरंटीचं काय?

अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार, केवळ बाहेरचा भाग बसवला म्हणून कंपनी सरसकट वॉरंटी नाकारू शकत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाल्याचं तिला दाखवावं लागतं. पण चुकीच्या फिटिंगने झालेलं नुकसान किंवा मर्यादेबाहेर ओढलेलं वजन हे नकाराचं रास्त कारण ठरू शकतं. पावत्या जपून ठेवाव्यात.

भारतातल्या गाड्यांना याची गरज आहे का?

भारतात छोट्या गाडीला ट्रेलर जोडणं दुर्मीळ आहे. कसारा किंवा खंबाटकी घाट भरल्या गाडीने चढणं हा कंपनीने गृहीत धरलेला वापर आहे, त्यासाठी वेगळा कूलर लागत नाही. शिवाय इथल्या अनेक स्वस्त ऑटोमॅटिक छोट्या गाड्या एएमटी आहेत आणि त्यांत टॉर्क कन्व्हर्टरच नसतो. घाटातल्या कोंडीत अशा गाडीचा क्लच तापतो. त्याला वाचवायचं तर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरण्याऐवजी ब्रेक दाबून उभं राहावं.

थोडक्यात

आधी मॅन्युअलमधली ओढण्याची मर्यादा पाहा. वजन त्या मर्यादेत असेल आणि रस्ता चढाचा किंवा उन्हाचा असेल, तर नीट बसवलेला कूलर गिअरबॉक्सचं आयुष्य वाढवतो. वजन मर्यादेबाहेर असेल, तर कूलरचे पैसे वाचवा आणि त्या दिवसापुरता पिकअप भाड्याने घ्या.