मोठी माणसं कशी शिकतात?



“आता या वयात काय शिकायचं?” असं आपल्यापैकी पुष्कळ जण म्हणतात. मीही म्हणत होते. ठाण्याच्या शाळेत ३१ वर्षं शिकवून निवृत्त झाले आणि आम्ही दोघं मुलाकडे न्यू जर्सीला आलो. बँक, बिलं, कॉम्प्युटर, सगळं आमचे हे बघायचे. ते गेले तेव्हा मी ७१ वर्षांची होते. बँकेत साधी चौकशी करायची तरी मुलगा ऑफिसातून येईपर्यंत थांबावं लागे. त्या दिवसांत मी ‘मोठ्यांचं शिकणं’ या विषयावर अमेरिकेत झालेलं काम वाचलं. त्यातल्या चार विचारवंतांची ओळख इथे करून देते.

माणूस का शिकतो? – सिरिल हूल

हूल हे शिकागो विद्यापीठात प्राध्यापक होते. स्वखुशीने शिकत राहणाऱ्या २२ प्रौढांच्या मुलाखती घेऊन त्यांनी १९६१ साली ‘द इन्क्वायरिंग माइंड’ हे पुस्तक लिहिलं. त्यांना तीन प्रकारची माणसं दिसली. काहींना ठरावीक काम साधायचं असतं, उदाहरणार्थ नागरिकत्वाची परीक्षा. (वय ६५ च्या पुढे आणि ग्रीन कार्डाला २० वर्षं झाली असतील, तर अभ्यासाला २० प्रश्नांचीच यादी असते आणि परीक्षा आपल्या भाषेत देता येते, हे पुष्कळांना माहीत नसतं.) काही जण चार माणसं भेटावीत म्हणून वर्गाला येतात. आणि काहींना शिकण्याचीच गोडी असते. एकाच माणसात हे तिन्ही थोडेथोडे असू शकतात.

कसं शिकवलं तर शिकतो? – माल्कम नोल्स

नोल्स (१९१३–१९९७) हे शिकागोत हूल यांचेच विद्यार्थी. प्रौढांच्या शिक्षणशास्त्राला ते ‘अँड्रागॉजी’ म्हणत. हा शब्द १८३३ साली अलेक्झांडर काप या जर्मन शिक्षकाने वापरला होता. अमेरिकेत तो रुजवला नोल्स यांनी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मोठ्या माणसाला ‘हे मी का शिकू?’ याचं उत्तर आधी लागतं. आपलं आपण ठरवायची त्याला सवय असते. त्याच्या गाठीशी अनुभव असतो. गरज पडली की तो शिकायला तयार होतो, शिकलेलं लगेच वापरायला बघतो, आणि त्याची ओढ बहुतेक आतून असते.

हे मला अनुभवाने पटलं. इंग्रजीच्या एका वर्गात मला सफरचंदाचं चित्र रंगवायला दिलं. रागावून घरी आले ते परत गेले नाही. पुढे वाचनालयातल्या एका स्वयंसेवक बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, “तुम्हाला इंग्रजी कशासाठी हवंय?” मी म्हटलं, “बँकेशी फोनवर बोलायला.” त्या दिवसापासून आम्ही तेच शिकलो.

पावलं कोणती? – डेव्हिड कोल्ब

कोल्ब यांनी १९८४ साली अनुभवातून शिकण्याची चार पावलं मांडली: अनुभव, त्यावर विचार, त्यातून नियम, आणि नव्याने प्रयोग. इथे पहिल्या वर्षी चिकाचा हलवा केला, तो खाली लागला. विचार केला तेव्हा लक्षात आलं, गॅस बंद केला की आच जाते. इथली विजेची शेगडी बंद केल्यावरही तापलेली राहते. म्हणजे भांडं लवकर उतरवायला हवं. पुढच्या रोश हाशानाला तसं केलं आणि हलवा नीट झाला. आपण सगळे जन्मभर असंच शिकत आलो, फक्त त्याला नाव दिलं नव्हतं.

आत काय बदलतं? – जॅक मेझिरो

मेझिरो (१९२३–२०१४) न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात होते. बऱ्याच वर्षांनी कॉलेजात परतलेल्या स्त्रियांचा त्यांनी अभ्यास केला आणि १९७८ साली आपला सिद्धांत मांडला. पायाखालची जमीन सरकवणारा एखादा प्रसंग येतो, तेव्हा माणूस आजवर गृहीत धरलेलं तपासू लागतो, इतरांशी बोलतो, नवी जबाबदारी घेऊन बघतो. माझं गृहीत काय होतं? पैशाचे व्यवहार पुरुषांनी बघायचे! कोणी तसं सांगितलं नव्हतं, पण मी ते कधी तपासलंही नव्हतं. आज माझी बिलं मीच भरते.

चौघांचा मेळ

हे सिद्धांत एकमेकांना खोडून काढत नाहीत. हूल कारण सांगतात, नोल्स परिस्थिती, कोल्ब पावलं आणि मेझिरो परिणाम. टीकाही झाली आहे, विशेषतः नोल्स यांच्यावर. सगळे प्रौढ सारखे नसतात. आपल्या पिढीला तर मास्तर सांगतील तसं करायची सवय. नोल्स यांनीही नमतं घेतलं. १९७० च्या त्यांच्या पुस्तकाच्या उपशीर्षकात बालशिक्षण ‘विरुद्ध’ प्रौढशिक्षण असा अर्थ होता. १९८० च्या आवृत्तीत एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची भाषा आली. विषय अगदीच नवा असेल, तर मोठ्यांचाही हात धरावा लागतो.

पेसाहच्या हग्गादात हे आपण ऐकत आलो आहोत. १८७४ साली पुण्यात तो मराठी अर्थासह छापला गेला. त्यातल्या चार मुलांना चार वेगळी उत्तरं आहेत. चौथ्याला विचारताच येत नाही. त्याच्याशी मोठ्यांनीच बोलायला सुरुवात करायची असते. बँकेच्या बाबतीत ती चौथी मी होते.

आता एक विनंती, घरातल्या मुला-नातवंडांनाही वाचून दाखवा. आम्ही काही विचारलं की तुम्ही फोन हातातून घेता आणि दोन मिनिटांत काम करून देता. काम होतं, पण शिकणं होत नाही. फोन आमच्याच हातात राहू द्या, आणि शेजारी बसून सांगा.