हकीम हुनैन आणि इतिहासाचा तास



दहावीचा निकाल लागला की दरवर्षी कोणीतरी वडील मला गाठतात. "सर, मुलाला डॉक्टर करायचे आहे. भाषा-इतिहासात त्याचा वेळ गेला तो गेलाच ना?" त्यांचेही अगदीच चुकत नाही. 'नीट' परीक्षेत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रच विचारतात. मी वाद घालीत नाही. नवव्या शतकातील बगदादची एक हकीकत सांगतो.

हुनैन इब्न इसहाक हा इराकमधील हीरा गावचा अरब ख्रिस्ती तरुण. जन्म इ. स. 808 च्या सुमाराचा. वैद्यकी शिकण्यासाठी तो यूहन्ना इब्न मासवैह या नामांकित वैद्याकडे राहिला. पण पोरगा प्रश्न फार विचारी. (असा एक विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो आणि आम्ही शिक्षक त्याच्यावर चिडतो, हे कबूल केले पाहिजे.) एके दिवशी गुरुजी संतापले. हीरा गावच्या लोकांनी रस्त्यावर नाणी बदलत बसावे, वैद्यकीशी त्यांचा काय संबंध! हुनैन रडत बाहेर पडला.

पुढे काही वर्षे त्याचा पत्ता नव्हता. मग एका ओळखीच्या माणसाला तो दिसला, केस वाढवलेला, होमरचे काव्य मूळ ग्रीकमध्ये म्हणत असलेला! वैद्यकाचे आधारग्रंथ ग्रीकमध्ये होते, म्हणून तो ती भाषा तिच्या काव्यासकट शिकून आला होता. त्यानंतर त्याने जालीनूस, म्हणजे गॅलेन, याचे ग्रंथ सिरियाक व अरबी भाषांत आणले. एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रती जमवायच्या, त्या ताडून शुद्ध पाठ ठरवायचा, मगच भाषांतर करायचे, ही त्याची पद्धत. ही रीत इतिहासकाराची; पण औषधाच्या नावात किंवा वजनात नक्कल करणाऱ्याची चूक राहून गेली, तर जीव रोग्याचा जाणार!

गॅलेनचा एक ग्रंथ तर्कशास्त्रावर होता. त्यासाठी हा वैद्य सिरिया, पॅलेस्टाईन, इजिप्त पालथे घालीत अलेक्झांड्रियापर्यंत गेला. सापडला दमास्कसला, तोही जेमतेम अर्धा. उत्तम वैद्य हा तत्त्वज्ञही असतो, हे सांगणारे गॅलेनचे छोटे पुस्तकही हुनैनने भाषांतरित केले. आणि ते त्याच्या अंगी मुरले होते म्हणायचे. खलीफा मुतवक्किलने परीक्षा पाहण्यासाठी शत्रूला मारण्याचे विष मागितले, तेव्हा त्याने नकार देऊन वर्षभर कैद सोसली, असे जुने चरित्रकार सांगतात.

आपल्याकडे 2019 च्या तुकडीपासून एम. बी. बी. एस. च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि रुग्णाशी संवाद हे विषय रीतसर आले. उशीर झाला खरा.

माझ्या खालाला एका दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळ्या दिवसातून दोनदा घ्यायला सांगितल्या. महिना रमजानचा. डॉक्टरांनी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. सकाळची गोळी ती गुपचूप बाजूला ठेवू लागली. आठ-दहा दिवसांनी चक्कर येऊन पडली. दुसरीकडे नेले, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची पाकिटे मोजून पाहिली आणि विचारले, "मावशी, रोजे धरलेत का?"

मग त्यांनी गोळ्यांच्या वेळा सहरी आणि इफ्तारला बांधून दिल्या. दोन मिनिटांचे काम होते.